स्क्रीन काळी होती – सुगम्य वेब, ओपन सोर्स आणि माझी नोकरी

भीमातीर

नमस्कार मंडळी,

२०१४ सालची गोष्ट. पुण्यात खराडीला एका कंपनीत फ्रंटएंडचं, म्हणजे संकेतस्थळाचा दिसणारा भाग बनवण्याचं काम करत होतो, नोकरीला दोन वर्षं झाली होती. एका शिक्षणसंस्थेचा ऑनलाइन प्रवेश अर्ज आमच्या टीमने बनवला होता. अर्ज सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला : सगळं भरलंय, पण पुढे जाता येत नाही. हेल्पडेस्कने तिला ब्राउझर बदलायला सांगितला, कॅश साफ करायला सांगितली. चौथ्या फोनला ती म्हणाली, "मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर वापरते." स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, हे आमच्या अख्ख्या मजल्यावर कुणालाही माहीत नव्हतं. तिचं वसतिगृह माझ्या घरच्या वाटेवर होतं, म्हणून मला पाठवलं.

वसतिगृहाच्या ऑफिसात रेक्टरबाईंच्या टेबलापाशी आम्ही बसलो. तिने लॅपटॉप उघडला, तर स्क्रीन काळीच. मला वाटलं, चालू व्हायचा आहे. पण आतून आवाज यायला लागला होता, इतका भरभर की मला एक शब्द उमजेना. ती मात्र टॅब दाबत शांतपणे सांगत होती : हे नाव, हा पत्ता, ही जात प्रवर्गाची यादी, हा दहावीच्या गुणांचा रकाना. आणि त्यानंतरच्या टॅबला एकदम "गोपनीयता धोरण, लिंक". "पुढे" हे बटन तिच्यासाठी त्या पानावर नव्हतंच.

ते बटन मी लिहिलं होतं. बटन म्हणून नव्हे, डिव्ह म्हणून, म्हणजे पानावरचा नुसता एक चौकोन म्हणून. पार्श्वभूमीला हिरवं चित्र, चित्रातच "पुढे" अशी अक्षरं, आणि क्लिक झालं की चालणारा जावास्क्रिप्टचा तुकडा. डोळ्यांना बटन, कीबोर्डला काहीच नाही, कानाला काहीच नाही. डिव्हच्या जागी खरं बटन आणि त्यात चित्राऐवजी खरी अक्षरं, एवढं करायला दुसऱ्या दिवशी मला दहा-बारा मिनिटं लागली. त्या मुलीचे तीन दिवस गेले होते, आणि शेवटी तिने मैत्रिणीकडून माऊसने क्लिक करून घ्यायचं ठरवलं होतं. जाताना ती म्हणाली, "दादा, अर्ज मीच भरला असं मला म्हणायचं होतं."

तिथून माझं काम बदललं. एका दिवसात नाही, चारेक वर्षांत.

त्याच आठवड्यात मी एनव्हीडीए उतरवून घेतलं. फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर. त्याची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात मायकल करन नावाच्या अंध तरुणाने २००६ मध्ये हे काम सुरू केलं, कारण तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की जगातल्या बहुतेक अंध माणसांना परवडत नव्हते. जेमी टेह, तोही अंध, त्याच्या जोडीला आला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनीच कोड लिहिला आणि सगळ्यांना दिला. आज आपल्याकडे एखादी अंध मुलगी पायरेटेड काही न वापरता कॉम्प्युटर शिकते, त्यात या दोघांचा वाटा आहे.

रोज रात्री अर्धा तास मॉनिटर बंद करून बसायचो. पहिले पंधरा दिवस आमचंच संकेतस्थळ मला वापरता येईना. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी जाते, पण आमच्या पानावर शीर्षकं नव्हतीच, नुसती जाड केलेली अक्षरं होती. बी दाबलं की बटन सापडतं, पण बटनं नव्हती. दिसायला देखणं असलेलं ते पान कानाला भिंतीसारखं सपाट होतं.

याच काळात मला टी. व्ही. रामन यांचं काम सापडलं. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? रामन १९६५ साली पुण्यात जन्मले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षापर्यंत दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. गणिताची समीकरणं आवाजातून कशी ऐकवायची हा त्यांचा विषय. लाटेक या गणित लिहायच्या संगणकी पद्धतीत लिहिलेलं समीकरण त्यांचं सॉफ्टवेअर असं वाचायचं की अपूर्णांक कुठे सुरू झाला, घातांक कुठे संपला हे आवाजाच्या चढउतारावरून कळावं. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक हे कॉम्प्युटर बोलता करणारं सॉफ्टवेअर खुलं केलं. नंतर ॲडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गूगल. अँड्रॉइड फोन बोलता करण्याच्या सुरुवातीच्या कामात चार्ल्स चेन यांच्याबरोबर तेच होते.

त्यांचं कॅलेंडरचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. पडद्यावर महिन्याचा तक्ता असतो. डोळस माणूस ७ हा आकडा बघतो तेव्हा त्याला वरचा वार दिसतो, महिन्याचं नाव दिसतं. पडद्यावरचं जसंच्या तसं वाचणारं सॉफ्टवेअर नुसतं "सात" म्हणतं. रामन म्हणाले, पडदा वाचायचाच कशाला? प्रोग्रॅमला तर ठाऊक आहे की हा कुठला दिवस आहे. त्यालाच बोलू द्या : शुक्रवार, ७ नोव्हेंबर. मला वाटतं माझ्या पेशाचं निम्मं शिक्षण या एका उदाहरणात आहे. जे डोळ्याला मांडणीतून कळतं, ते कोडमध्ये अर्थ म्हणून असायला हवं.

ओपन सोर्समध्ये माझी पहिली भर याच कॅलेंडरची. २०१५ मध्ये आम्ही तारीख निवडायला बाहेरची एक लायब्ररी वापरत होतो. तिच्यात बाणाच्या कळांनी दिवस बदलता येत नव्हता आणि प्रत्येक दिवस नुसता आकडा म्हणून वाचला जायचा. ऑफिसच्या कोडमध्ये मी ते दुरुस्त केलं. मग वाटलं, ही लायब्ररी वापरणारे आपल्यासारखे आणखी कितीतरी असतील, मूळ ठिकाणीच द्यावं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती टाकली आणि सात आठवडे तिच्यावर चर्चा चालली. सांभाळणाऱ्या बाई परदेशात कुठेतरी, कधी न भेटलेल्या. त्यांनी चार वेगवेगळ्या ब्राउझर-स्क्रीन रीडर जोड्यांवर तपासून घेतलं, टेस्ट लिहून घेतल्या, माझी दोन ठिकाणची अनावश्यक एरिया विशेषणं (स्क्रीन रीडरला अर्थ सांगणाऱ्या कोडमधल्या जादा खुणा) काढायला लावली. "साध्या एचटीएमएलने भागतं तिथे एरिया लावू नका" हा नियम मी वाचला होता, पण खरा कळला तो तेव्हा. नोकरीत मला इतकं बारकाईने कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मराठीकडे वळलो, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मराठी पान स्क्रीन रीडरवर ऐकून बघा. पानाच्या सुरुवातीला भाषा सांगणारी एक खूण असते. ती "एमआर" असेल तर स्क्रीन रीडर मराठी आवाज वापरू शकतो. ती "एचआय" असेल तर हिंदी आवाज येतो आणि मग "२५ तारखेला" हे "पच्चीस तारखेला" होतं, ज्ञानेश्वरांचे "ग्यानेश्वर" होतात. आणि कुणी साच्यातली इंग्रजीची "ईएन" तशीच ठेवली असेल तर काही आवाज देवनागरी गाळूनच पुढे जातात. मी मराठी संकेतस्थळं तपासतो तेव्हा तिथे "ईएन" सापडणं हे इतकं नेहमीचं आहे की आता पहिल्यांदा तेच बघतो. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे ही. डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांमध्ये ही अगदी तळाच्या, म्हणजे ए पातळीची अट आहे.

आवाजाचंही तसंच. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी हे मजकुराचा आवाज करणारं खुलं यंत्र येतं, त्यात मराठी आहे. पण "चार" मधला च आणि "चाक" मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो. "हे जग" आणि "तू जग" यांतले ज वेगळे, लिपीत खूण नाही. यंत्राला हे नियमांनी पूर्ण कळणं शक्य नाही, शब्दांची यादीच द्यावी लागते. मी, माझी बायको आणि सोलापूरचे माझे मराठीचे निवृत्त सर अशी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घालून यादी केली. सरांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, पण कुठल्या गावात कुठला च म्हणतात यावर ते दोन तास बोलले. त्यातले काही शब्द दिले, काहींवर अजून काम चालू आहे.

आज माझ्या टीममध्ये सहा जण आहेत, त्यांपैकी दोघं अंध. आम्ही दिवसभर हेच करतो : इतरांचे अर्ज, बँकेची पानं, तिकिटं तपासायची, मोडलेलं दाखवायचं आणि बरोबर बसून दुरुस्त करायचं. यावर घर चालतं. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण याला लोक अजून समाजसेवा समजतात.

इथे वेब बनवणारे, वापरणारे, छापणारे सगळे आहेत. तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा.

---

साधी_वेलांटी

फार मनापासून लिहिलंय. मी वेबवाली नाही. वीस वर्षं डीटीपी करते, कोल्हापुरात. पण तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, कारण आम्ही वर्षानुवर्षं मासिकं आणि अहवाल जुन्या फॉन्टमध्ये लावले. शिवाजी, कृतिदेव वगैरे. पीडीएफ झाली की ग्राहकाच्या वेबसाइटवर चढायची. ती पीडीएफ अंध माणसाला कशी ऐकू जात असेल?

---

भीमातीर

साधी_वेलांटी, खरं सांगायचं तर मराठी म्हणून ऐकूच जात नाही. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो : एम, स्वल्पविराम, कंस, के. शोधातही ते सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत केलेली आणि शीर्षकांच्या खुणा लावलेली पीडीएफ मात्र नीट वाचली जाते. जुन्या अंकांसाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, आणि छापील पान स्कॅन केलेलं असेल तर टेसरॅक्ट हे ओपन सोर्स ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन) मराठी ओळखतं. पण नंतर मुद्रितशोधन माणसालाच करावं लागतं, आणि त्यात तुमच्यासारखी नजर हवी.

---

साधी_वेलांटी

रूपांतरात "दुसऱ्या", "तऱ्हा" हे शब्द हमखास बिघडतात, तो अनुभव आहे. युनिकोडमध्येसुद्धा तो अर्धा र लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत देऊन, नाहीतर साध्या र ला हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला सारखं, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. "ॲ" चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन बनवलेलं. आमच्याकडे नियम करून टाकला आहे की एकच पद्धत वापरायची. हे तुमच्या कामाला लागतं का?

---

भीमातीर

लागतं म्हणजे काय! शब्दांच्या यादीत "दुसऱ्या" एका पद्धतीने लिहिला असेल आणि पानावर दुसऱ्या पद्धतीने, तर यंत्राला तो शब्द अनोळखी. तुमचा नियम कृपया इथे सविस्तर लिहा, मी टीममध्ये लावतो.

---

कानसेन

मी पूर्ण अंध आहे. नाशिकला बँकेत नोकरी करतो, दिवसभर स्क्रीन रीडरवर. धागा ऐकला, आनंद झाला. पण एका बाबतीत भीमातीर यांच्याशी माझा मतभेद आहे आणि तो नोंदवतो.

उच्चारांवर तुम्ही जीव ओतलाय त्याबद्दल आदर आहे. पण आम्ही वर्षानुवर्षं चुकीचे उच्चार ऐकत मोठे झालो. "ग्यानेश्वर" ऐकलं तरी मला ज्ञानेश्वर समजतात. कान सरावतो. सराव ज्याचा होऊ शकत नाही ते म्हणजे नसलेलं बटन. आणि वेळ. ओटीपी आला की मी संदेश उघडणार, ऐकणार, परत पानावर येणार, रकाना शोधणार. तोवर पान म्हणतं, वेळ संपली, पुन्हा लॉग इन करा. एका वीजबिलासाठी मी हे पाच वेळा केलंय. चित्रातली अक्षरं ओळखा असं सांगणाऱ्या कॅप्चाचं तर बोलायलाच नको, ध्वनीचा पर्याय नसेल तर माझ्यासाठी तिथे दार बंद.

तुम्हाला प्राधान्य ठरवायचं असेल तर आमच्यासारख्यांना विचारा. आधी दार, मग वेळ, मग आवाज.

---

भीमातीर

कानसेन, हे मी मान्य करतो. मी ज्या क्रमाने लिहिलं तो माझ्या आवडीचा क्रम होता. वेळेची मर्यादा वाढवून मागता आली पाहिजे हीसुद्धा ए पातळीचीच अट आहे, आणि तपासणीत ती सर्वाधिक विसरली जाते, कारण आपोआप तपासणाऱ्या साधनांना ती दिसत नाही. ॲक्ससारखं ओपन सोर्स साधन रंगातला फरक, लेबल नसणं, चित्राचं वर्णन करणारा पर्यायी मजकूर नसणं पटकन पकडतं. पण ओटीपीच्या पानावर माणसाची किती धांदल होते हे माणूस बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या टीममधल्या दोन अंध सहकाऱ्यांमुळेच आम्ही आता प्रत्येक लॉग इन घड्याळ लावून तपासतो.

---

उशिरा_आलेला

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. इथे भावना सगळ्यांच्या चांगल्या आहेत, माझ्याही. पण ग्राहक पैसे मोजताना विचारतो, माझ्या संकेतस्थळावर अंध किती येतात? माझ्याकडे उत्तर नसतं. तारीख डोक्यावर असते. एका विक्रेत्याने सांगितलं की एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात एक चिन्ह येईल आणि सगळं सुगम्य होईल. ते स्वस्त होतं, आम्ही ते घेतलं. चुकलं का?

---

कानसेन

उशिरा_आलेला, ते चिन्ह मला कधीच उपयोगी पडलेलं नाही. माझा स्क्रीन रीडर माझ्याकडे आहे. ते चिन्ह त्याच्यावर आणखी एक आवाज चढवतं, कधी कधी माझ्या कळा पळवतं. बटन मुळात नसेल तर वरून पांघरूण घालून ते तयार होत नाही.

---

टेस्टरताई

कानसेन यांना दुजोरा. शिवाय अशा वरून लावायच्या साधनांच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. कारण हेच : एक ओळ टाकली की संकेतस्थळ निकषांत बसतं, हा दावा सिद्ध झाला नाही.

आणि "अंध किती येतात" या प्रश्नाबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. तुमच्या ग्राहकाच्या पानावर ते येत नसतील तर त्यांना येता येतं का, हा आधीचा प्रश्न आहे. अमेरिकेतली वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर आपोआप पकडता येण्याजोगे दोष होते. सगळ्यात जास्त आढळलेला दोष? फिकी अक्षरं. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, डिझायनरला राखाडीवर राखाडी आवडतं. हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, रंग बदलायचा असतो.

---

भीमातीर

उशिरा_आलेला, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून मीही तसंच सांगतो. शेवटच्या आठवड्यात सुगम्यता करायला घेतली तर ती महागच पडते, मी स्वतः अशा दोन प्रकल्पांत भरडलो गेलो आहे. पहिल्या दिवशी बटनाला बटन म्हटलं तर खर्च जवळजवळ नसतो. माझी १० मिनिटांची दुरुस्ती आधीच झाली असती तर हेल्पडेस्कचे चार फोन वाचले असते.

कायद्याचंही बोलायला हवं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. तो खटला नेणाऱ्यांमध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं सांगतात. ज्यांच्या पापण्याच त्या हल्ल्यात गेल्या त्यांनी काय करायचं? न्यायालयाने केवायसीच्या बाबतीत वीस निर्देश दिले. तुमच्या ग्राहकाला आकडा हवा असेल तर हा निकाल दाखवा.

---

म्युनिकचा_पाऊस

मी जर्मनीत आहे. इथे २८ जून २०२५ पासून युरोपीय सुगम्यता कायदा लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँका, तिकिटं, ई-पुस्तकं सगळं त्यात येतं. त्यामुळे युरोपात विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे टळणार नाही. पुण्यातल्या माझ्या जुन्या कंपनीतून वर्षभरात तीन वेळा फोन आला, कुणी माणूस आहे का म्हणून.

पण एक काळजी वाटते. कायदा आला की यादी येते, यादी आली की खुणा करायची घाई होते. मी असं दुकान पाहिलंय जिथे प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर होता आणि प्रत्येक ठिकाणी तो "चित्र" एवढाच होता. नियम पाळला गेला, बूट कुठल्या रंगाचा ते कुणालाच कळलं नाही.

---

माजघर

मी आयटीतली नाही. आई साताऱ्याला एकटी असते, वय ७४, हात थरथरतो. फोनवर गॅस सिलिंडर नोंदवताना "नोंदवा" आणि "रद्द करा" ही बटनं एकमेकांना चिकटून असतात. ती तीनदा रद्द करून बसते आणि मग मला पुण्याला फोन करून म्हणते, मला जमत नाही. तिला जमत नाही असं नाहीये ना? तुमच्या कामात हे येतं की फक्त डोळ्यांचंच?

---

टेस्टरताई

येतं, पुरेपूर येतं. निकषांची २०२३ ची आवृत्ती २.२ आहे, तिच्यात बोटाने दाबायच्या जागेचं किमान माप घातलं : २४ बाय २४ पिक्सेल, आणि जागा त्याहून लहान असेल तर आजूबाजूला मोकळं अंतर हवं. तुमच्या आईंना खरं तर याहून मोठं बटन हवं. त्या नोंदणीचा स्क्रीनशॉट आणि वर्णन त्यांच्या तक्रार विभागाला जरूर पाठवा. "हात थरथरणाऱ्या ७४ वर्षांच्या ग्राहकाची नोंदणी तीनदा रद्द झाली" असं नेमकं लिहा. विकसकापर्यंत असं वाक्य पोचलं की ते विसरलं जात नाही.

---

शेवटचं_वर्ष

भीमातीर दादा, मी संगमनेरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी यथातथा. कॅम्पसला सगळे एआयचं विचारतात. मला हे काम करायचंय असं धागा वाचून पहिल्यांदाच वाटलं. सुरुवात कुठून करू? ओपन सोर्समध्ये माझ्यासारख्याला घेतात का? सर्टिफिकेट लागतं का?

---

भीमातीर

सर्टिफिकेटचं आधी सांगतो. आयएएपी या सुगम्यतेचं काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परीक्षा आहेत, मी एक २०१९ मध्ये दिली. कंपन्या बघतात, उपयोग होतो, पण फी मोठी आहे. पहिल्या नोकरीआधी त्यावर घरचे पैसे घालू नकोस. नोकरी लागल्यावर कंपनीने भरली तर दे.

आता सुरुवात. एनव्हीडीए उतरव. मॉनिटर बंद कर, खरंच बंद कर, डोळे मिटून भागत नाही, कारण अडलं की उघडले जातात. तुझ्या कॉलेजचं संकेतस्थळ घे आणि परीक्षेचं वेळापत्रक शोध. कुठे अडलास ते वहीत लिही : कुठली कळ दाबली, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं. या तीन ओळी नीट लिहिता येणं हीच या पेशातली खरी कसोटी आहे. माझ्या टीममध्ये मुलाखतीला मी हेच करायला देतो.

एचटीएमएल पुन्हा शीक. मस्करी नाही करत. बटन, लेबल, फील्डसेट, तक्त्याची शीर्षकं, यादी. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी येणारी मुलं ढीगभर भेटतात, पण रकान्याला लेबल कसं जोडायचं हे विचारलं की गप्प होतात.

ओपन सोर्समध्ये घेतात का, तर घेतात. पहिल्या दिवशी कोड देऊ नकोस. एखादं साधन तू स्वतः वापरतोस त्याच्या तक्रारींची यादी उघड आणि एक तक्रार तुझ्या मशीनवर पडताळून बघ : माझ्याकडे विंडोज अमुक, फायरफॉक्स अमुक, इथे हा दोष दिसतो किंवा दिसत नाही. सांभाळणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस वाचतो त्याने. इंग्रजी यथातथा चालेल, नेमकं हवं. आणि मराठीचं काम तर तुझीच वाट बघतंय. ईस्पीकच्या मराठी नियमांच्या फायली उघड, संगमनेरकडचे दहा शब्द चुकीचे ऐकू येतात का बघ. ते परदेशात बसलेल्या माणसाला कळणं शक्य नाही.

एक सांभाळ. अंध माणसांना फुकटचे टेस्टर समजू नकोस. त्यांचा वेळ मागितला तर मोबदला द्यायचा, नाहीतर निदान त्यांच्या उपयोगाचं काहीतरी करून द्यायचं. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून आहे, पुण्यात कोरेगाव पार्कला १९३४ पासूनची अंधशाळा आहे. अशा ठिकाणी जाऊन आधी नुसतं बस, बघ, ऐक.

---

कानसेन

शेवटचं_वर्ष, तुझ्या कॉलेजच्या संकेतस्थळाचा दुवा पाठव. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. फोनवर स्क्रीन रीडरचा आवाज तुला ऐकवत जातो, तू लिहून घे. मोबदला म्हणून माझं एक काम कर. आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी एका मोठ्या तक्त्यात आहे, ओळींना-स्तंभांना शीर्षकं नाहीत. शंभराव्या ओळीवर गेलो की लेखक कुठला आणि प्रकाशक कुठला हे विसरायला होतं. ती नीट करून दे.

---

शेवटचं_वर्ष

दादा, कानसेन काका, आज दोन तास बसलो. लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

आमच्या कॉलेजच्या पानावर भाषेची खूण "ईएन" होती. विभागप्रमुख मॅडमना सांगून बदलून घेतली, काकांनी लगेच ऐकलं. आता सूचनाफलकावर "२५ जानेवारी" ला "पंचवीस" म्हणतंय. वेळापत्रकाची पीडीएफ मात्र स्कॅन केलेली आहे, ती वाचलीच जात नाही, परीक्षा विभागाकडे मूळ फाइल मागितली आहे. वाचनालयाच्या तक्त्याला शीर्षकं लावली. काका शंभराव्या ओळीवर गेले तेव्हा "लेखक" असं आधी ऐकू आलं आणि ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, पुढे चल.

फीच्या पानावर तारखेच्या रकान्यात अजून अडकतंय. बाण दाबला की आकडा बदलतो पण नुसतं "सात" म्हणतं. दादा, तुमची २०१५ ची पुल रिक्वेस्ट कशी दिसत होती ते बघायला मिळेल का?

---

भीमातीर

मिळेल. निरोपात दुवा पाठवला आहे. शेवटच्या बदलाआधी त्या बाईंच्या सगळ्या टिप्पण्या वाच, कोड नंतर वाचलास तरी चालेल. रविवारी दहाला मीही फोनवर येतो.